कॉन्टॅक्ट फॉर्मचा मेल: पाकिटावर पाहुण्याला लिहू देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा. रबाळे एमआयडीसीत काकांचं रबर गॅस्केट आणि ओ-रिंगचं युनिट आहे. वेबसाइट २०१७ मध्ये ओळखीतल्या एका मुलाने करून दिली. तो आता परदेशात. साइटवरचा कॉन्टॅक्ट फॉर्म साध्या पीएचपीत (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत) आहे. गेल्या आठवड्यात इनबॉक्समध्ये बाउन्स मेलचा, म्हणजे न पोचता परत आलेल्या मेलचा, पूर आला, होस्टिंगवाल्यांनी ‘तुमच्या अकाउंटवरून स्पॅम जातोय’ म्हणून बाहेर जाणारे मेल बंद केले, आणि आता साधं कोटेशनही जात नाही. प्रश्नकर्त्याला पीएचपी वाचता येतं. विचारणं असं की फॉर्म दुरुस्त करू, की काढून टाकून नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर लावू?

काढू नका. व्हॉट्सअ‍ॅपचं बटण शेजारी खुशाल लावा, पण मोठ्या कंपनीचा परचेसवाला ड्रॉइंग, मटेरियल ग्रेड आणि क्वांटिटी समोर घेऊन बसलेला असतो आणि त्याला सगळं मेलवर, रेकॉर्डवर हवं असतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ज्या युनिटांची कामं माझ्याकडे आहेत, त्यांच्याकडे नवं गिऱ्हाईक बहुतेक वेळा याच वाटेने येतं.

मात्र कोडला हात लावण्याआधी गुन्हेगार फॉर्मच आहे का ते बघा. एखादा बाउन्स उघडा. त्याच्या पोटात मूळ मेल, निदान त्याचे हेडर (कोणाकडून, कोणाला, कुठून हे सांगणाऱ्या वरच्या ओळी), जोडलेले असतात. त्यात ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी एकाखाली एक दिसतील. प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वर चढवत जातो, त्यामुळे मेल निघाला कुठून हे खालच्या ओळींत वाचायला मिळतं. खालच्या ओळी खोट्या घालता येतात, म्हणून ज्या सर्व्हरने हा बाउन्स पाठवला त्याने स्वतः घातलेल्या ओळीवर जास्त विश्वास ठेवा.

तिथे तुमच्या होस्टिंगऐवजी भलताच सर्व्हर दिसला, तर कोणीतरी बाहेर बसून तुमच्या पत्त्याच्या नावाने मेल पाठवतोय आणि नाकारलेले मेल तुमच्या दारात येऊन पडतायत. तुमचा सर्व्हर त्यात निर्दोष. पण होस्टिंगवाल्यांनी मेल बंद केलेत त्या अर्थी तुमच्याकडे एवढंच नसणार. तुमचाच सर्व्हर दिसला, तर ‘एक्स-पीएचपी-ओरिजिनेटिंग-स्क्रिप्ट’ नावाचा हेडर शोधा. ही सोय चालू असेल तर मेल पाठवणाऱ्या पीएचपी फाइलचं नाव तिथे लिहिलेलं असतं. नाव फॉर्मच्या फाइलचं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. अपलोड फोल्डरमधल्या कुठल्या अनोळखी फाइलचं असेल, तर साइटमध्ये कोणीतरी घुसलेलं आहे. मग फॉर्म कितीही दुरुस्त केलात तरी उपयोग नाही, आधी जुना स्वच्छ बॅकअप आणि सगळे पासवर्ड बदलणं आलं. आणि तिसरी शक्यता, मेल पीएचपीतून गेलेलेच नाहीत, कोणीतरी तुमच्या मेलबॉक्सचा पासवर्ड टाकून रीतसर लॉगिन करून पाठवलेत. होस्टिंगच्या सपोर्टला विचारलं तर लॉग बघून ते लगेच सांगतात. काकांचा पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३ असा असेल, तर मी पैज याच शक्यतेवर लावीन.

हेडर सापडत नसेल तर पीएचपीत ‘मेल.लॉग’ नावाची सेटिंग आहे. ती चालू केली की मेल() फंक्शन कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीतून चाललं, मेल कोणाला गेला, हे एका फाइलीत नोंदलं जातं. तोवर फॉर्मच्या फाइलचं नाव बदलून ठेवा, म्हणजे बाहेरून ती सापडणार नाही.

आता धरून चालू की फॉर्मच दोषी आहे. तुमचा कोड मी बघितलेला नाही, पण त्या काळच्या फॉर्ममध्ये काय असतं ते पाठ आहे. पाहुण्याने, म्हणजे फॉर्म भरणाऱ्याने, ‘ईमेल’ चौकटीत जे लिहिलं ते उचलायचं, ‘फ्रॉम:’च्या पुढे चिकटवायचं आणि मेल() फंक्शनच्या चौथ्या जागी, म्हणजे जादा हेडरच्या जागी, द्यायचं. मेलमध्ये एक हेडर म्हणजे एक ओळ. ओळ मोडली की पुढचा हेडर सुरू. आता ईमेलच्या चौकटीतून हे आलं असं समजा:

खरेदी@उदाहरण.कॉम
बीसीसी: एक@कुठेतरी.कॉम, दोन@कुठेतरी.कॉम, तीन@कुठेतरी.कॉम

तुम्ही म्हणाल, एका ओळीच्या चौकटीत एंटर दाबताच येत नाही. बरोबर, पण स्पॅम पाठवणारा तुमची चौकट वापरतच नाही. त्याची स्क्रिप्ट थेट तुमच्या पीएचपी फाइलला डेटा पाठवते आणि त्यात ती हवी तिथे ओळ मोडते. तुमच्या कोडच्या दृष्टीने तो एक लांब ईमेल पत्ता. मेल सर्व्हरच्या दृष्टीने फ्रॉम संपला आणि बीसीसी, म्हणजे गुप्त प्रतींचा हेडर, सुरू झाला. मजकूर तर ‘मेसेज’च्या चौकटीत त्यानेच लिहिलेला आहे. तुम्हाला एक विचित्र एन्क्वायरी आलेली दिसते, आणि तोच मेल तुमच्या डोमेनवरून शेकडो लोकांना गेलेला असतो.

पीएचपी ‘टू’ आणि ‘सब्जेक्ट’ या दोन जागांमधल्या मोडलेल्या ओळी स्वतःहून साफ करतं. चौथ्या जागी एकापाठोपाठ दोनदा ओळ मोडली तर अलीकडच्या आवृत्त्या मेलच पाठवत नाहीत. पण एकदा मोडलेली ओळ तिथून निघून जाते, कारण एका मजकुरात अनेक हेडर देणं हाच त्या जागेचा वापर आहे. पीएचपी ७.२ पासून हेडर अ‍ॅरेच्या रूपात देता येतात आणि तसे दिले तर मधे घुसवलेली नवी ओळ नाकारली जाते. निदान एवढं तरी करा.

हे भोक जुनं आहे. १९९५ च्या सुमाराचा ‘फॉर्ममेल’ नावाचा पर्ल स्क्रिप्ट जगभरच्या साइटवर लागला होता. त्यात मेल कोणाला जाणार हा पत्ताच फॉर्मच्या लपवलेल्या फील्डमध्ये असायचा. स्पॅमवाल्यांनी तो पत्ता बदलून बदलून त्याचा मनसोक्त वापर केला. लपवलेलं फील्ड डोळ्यांना दिसत नाही एवढंच; बदलणाऱ्याला ते उघडंच असतं. तुमच्या फॉर्मच्या एचटीएमएलमध्ये कुठे काकांचा ईमेल पत्ता हिडन इनपुट म्हणून बसलेला असेल, तर तो आजच काढून पीएचपीत आत लिहा.

माझा नियम सरळ आहे. पाहुण्याने पत्र लिहावं, पाकीट आपण लिहायचं. कोणाकडून, कोणाला, विषय काय, हे तिन्ही तुमच्या कोडमध्ये पक्के लिहिलेले असावेत. फ्रॉम तुमच्याच डोमेनवरचा पत्ता, समजा वेबसाइट@तुमचं-डोमेन. टू काकांचा. विषय ‘वेबसाइटवरून एन्क्वायरी’ आणि पुढे तुमचाच एन्क्वायरी नंबर. पाहुण्याचा पत्ता फक्त एका जागी जाईल, ‘रिप्लाय-टू’मध्ये, आणि तोही तपासून. काकांनी रिप्लाय दाबला की उत्तर बरोबर गिऱ्हाइकालाच जातं, त्यामुळे त्यांना काहीच वेगळं करावं लागत नाही. पत्ता तपासायला स्वतःचा रेगेक्स (मजकूर जुळवायचा नमुना) लिहीत बसू नका, पीएचपीचं फिल्टर-व्हॅलिडेट-ईमेल पुरे आहे. ओळ मोडलेला पत्ता त्यातून पुढे जात नाही.

फ्रॉममध्ये पाहुण्याचा पत्ता न घालण्याचं दुसरंही कारण आहे. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचं (आपल्या नावाच्या खोट्या मेलचं काय करायचं ते सांगणाऱ्या नोंदीचं) धोरण ‘रिजेक्ट’ केलं. म्हणजे याहूचा पत्ता फ्रॉममध्ये आणि पाठवणारा सर्व्हर भलताच असेल, तर घेणाऱ्याने तो मेल फेकून द्यावा. त्या दिवसापासून याहू पत्ता असलेल्या गिऱ्हाइकांच्या एन्क्वायऱ्या असंख्य साइटवर निमूट गायब व्हायला लागल्या. आज बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या डोमेनवर तेच धोरण आहे, आणि नेमक्या त्याच कंपन्या तुमच्या गिऱ्हाईक.

पाठवायला मेल() वापरू नका. ते फंक्शन ‘ट्रू’ म्हणालं याचा अर्थ मेल सर्व्हरवरच्या पोस्टाच्या प्रोग्रॅमकडे दिला, एवढाच. पीएचपीमेलर किंवा सिम्फनी मेलर ही तयार लायब्ररी घ्या आणि एसएमटीपीने (मेल सर्व्हरशी थेट बोलायच्या पद्धतीने), ५८७ पोर्टवर, टीएलएस एन्क्रिप्शनसह, खऱ्या मेलबॉक्सच्या लॉगिनने पाठवा. साइटमध्ये पीएचपीमेलर आधीच असेल तर आवृत्ती बघा. ५.२.१८ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये डिसेंबर २०१६ मध्ये एक भयंकर दोष उघडकीला आला होता. पाहुण्याने दिलेला पत्ता ‘सेंडर’ म्हणून वापरला तर सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत असे. त्या दुरुस्तीलाही वळसा घालता आला, म्हणून लगेच ५.२.२० आणावी लागली. आज ती मालिकाच घेऊ नका. ६ किंवा पुढची घ्या. तसंच पीएचपी ५.६ वर साइट चालू असेल, तर तिला २०१८ अखेरीपासून एकही सुरक्षा दुरुस्ती मिळालेली नाही.

एसएमटीपीचा पासवर्ड पब्लिक-एचटीएमएल (साइटच्या जगाला उघड्या) फोल्डरच्या बाहेरच्या फाइलीत ठेवा. तिथेच आत पासवर्डची डॉट-ईएनव्ही फाइल ठेवणारे महाभाग रोज भेटतात, आणि ती फाइल शोधत फिरणारे बॉट तर दर तासाला.

आता डीएनएस, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदी. एसपीएफ (तुमच्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरची यादी), डीकिम (मेलवरच्या डिजिटल सहीची किल्ली) आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनवर हव्यात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकिम मागतं, आणि दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांकडून तिन्ही. तुम्ही ५,००० पाठवणार नाही, तरी तिन्ही लावा. लहान युनिटांमध्ये मला सारखी दिसणारी चूक म्हणजे दोन एसपीएफ नोंदी. एक होस्टिंगवाल्यांनी घातलेली, दुसरी नंतर झोहो किंवा गूगल वर्कस्पेस घेतलं तेव्हा कोणीतरी त्यांच्या मदत पानावरून चिकटवलेली. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते. दोन झाल्या की तपासणी त्रुटी देते आणि दोन्ही वाया जातात. दोन्हींतले ‘इन्क्लूड’ एका ओळीत आणा. डीमार्क सुरुवातीला ‘नन’वर (काहीच न अडवण्यावर) ठेवून रिपोर्ट वाचा, काकांचे सगळे मेल नीट पास होतायत असं दिसलं की कडक करा. बाहेरून तुमच्या नावाने पाठवणाऱ्यांचा बंदोबस्त त्यानेच होतो.

यापुढचा मुद्दा सुरक्षेचा वाटत नाही, पण मी तो सगळ्यात वर ठेवतो. एन्क्वायरी आधी डेटाबेसमध्ये लिहा, मग मेल पाठवा. मेल ही नुसती वर्दी समजा. तुमच्यासारखे मेल बंद पडले तरी एन्क्वायरी टेबलमध्ये बसलेली असते, आणि दर पाच मिनिटांनी आपोआप चालणारं क्रॉन नावाचं काम न गेलेले मेल पुन्हा पाठवू शकतं. लिहिताना प्रिपेअर्ड स्टेटमेंटच (पाहुण्याचा मजकूर डेटाबेसच्या आज्ञेपासून वेगळा ठेवणारी पद्धत) वापरा. टेबल पानावर दाखवताना प्रत्येक फील्ड एचटीएमएल-स्पेशल-कॅरॅक्टर्स या फंक्शनमधून काढा, कारण ‘नाव’ चौकटीत लिहिलेली स्क्रिप्ट काकांच्या ब्राउझरमध्ये, काकांच्या लॉगिनसह चालेल. काकांना जाणारा मेल साध्या टेक्स्टमध्येच ठेवा, एचटीएमएलची हौस इथे नको. आणखी एक बारीक गोष्ट. एन्क्वायऱ्या एक्सेलमध्ये उघडायची सवय असेल, तर सीएसव्ही काढताना बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारं फील्ड एक्सेल फॉर्म्युला समजतं. अधिक, वजा आणि ॲट या चिन्हांचंही तसंच. अशा मजकुराच्या सुरुवातीला एकेरी अवतरण चिन्ह घाला. अधिक-९१ ने सुरू होणारे फोन नंबरही त्यामुळे शाबूत राहतात.

नावाची तपासणी करताना आपल्या लोकांना बाहेर काढू नका. ए ते झेड एवढंच चालेल असा रेगेक्स इंटरनेटवरून उचललेला असतो आणि मराठीत नाव लिहिणारा गिऱ्हाईक ‘अवैध नाव’ वाचून निघून जातो. युनिकोडचा ‘लेटर’ वर्ग घातला की झालं, असं वाटतं, होत नाही. क, म, ल ही अक्षरं त्या वर्गात आहेत, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात मोडतात. नुसत्या लेटरवर ‘मदन’ पास होतो आणि ‘सुनीता’ नापास. दोन्ही वर्ग घ्या. लांबी मोजताना स्ट्रलेन बाइट मोजतं. ‘सुनीता’चे १८ बाइट होतात. एमबी-स्ट्रलेन वापरलंत तर ६ येतील. फोनच्या चौकटीत ९८ असे देवनागरी आकडेही येतात, कीबोर्ड मराठी असतो ना. ते आधी रोमन आकड्यांत बदला, मग दहा आकडी आहे का, ६ ते ९ ने सुरू होतो का ते बघा.

आता एक सापळा ज्याची चर्चा फार कमी होते. ‘धन्यवाद, आपली एन्क्वायरी मिळाली’ असा ऑटो-रिप्लाय. दिसायला किती सालस! पण हा मेल कोणाला जातो? पाहुण्याने लिहिलेल्या पत्त्यावर. म्हणजे तुमच्या सर्व्हरने कोणाला मेल पाठवायचा ते अनोळखी माणूस ठरवतोय. स्पॅमवाला ईमेलच्या चौकटीत सावजाचा पत्ता घालतो आणि नावाच्या चौकटीत ‘बक्षीस मिळालं, इथे टिचकी मारा’ आणि लिंक. तुमचा सर्व्हर प्रामाणिकपणे ‘प्रिय बक्षीस मिळालं, इथे टिचकी मारा’ असा मेल, तुमच्या एसपीएफ-डीकिमच्या शिक्क्यासह, त्या सावजाला पाठवतो. हेडर कितीही साफ ठेवलेत तरी हे चालतं. मी गिऱ्हाइकांच्या साइटवरून ऑटो-रिप्लाय काढूनच टाकतो आणि एन्क्वायरी नंबर स्क्रीनवर दाखवतो. काका हट्ट करतील, तर ठरावीक मजकूर पाठवा, पाहुण्याने लिहिलेला एकही शब्द त्यात नको.

बॉट रोखायला आधी लपवलेली सापळा-चौकट लावा. माणसाला दिसत नाही, बॉट भरतो. तिला ‘कंपनी’ किंवा ‘फोन’ असं नाव देऊ नका, ब्राउझरचं ऑटोफिल ती भरून टाकतं आणि खरा गिऱ्हाईक बॉट ठरतो. याच कारणाने संशयित एन्क्वायरी फेकू नका. टेबलात ‘संशयित’ म्हणून ठेवा, मेल मात्र पाठवू नका. फॉर्म उघडल्यापासून दोन-तीन सेकंदांत भरून आला, मेसेजमध्ये दोनापेक्षा जास्त लिंक असल्या, तरी तेच.

आयपी पत्त्यावर मर्यादा घालताना हात सैल ठेवा. मोबाइल नेटवर्कवर अनेक लोक एकाच आयपी पत्त्यामागे असतात, आणि महाप्याच्या एखाद्या बिझनेस पार्कमधलं अख्खं ऑफिस बाहेरून एकच पत्ता दाखवतं. साइटपुढे क्लाउडफ्लेअरसारखी मधली सेवा लावलीत तर पीएचपीला दिसणारा पत्ता क्लाउडफ्लेअरचाच असतो, तेही ध्यानात घ्या.

रीकॅप्चा किंवा टर्नस्टाइल (‘मी रोबो नाही’ छापाची चौकट) लावलंत तर त्याचं टोकन, म्हणजे पास झाल्याची पावती, सर्व्हरवरून तपासणं आवश्यक आहे. चौकट पानावर दिसते, पण मागे तपासणीचा कोडच नाही, अशा साइट मी ढिगाने बघतो. टोकनला मुदत असते: रीकॅप्चाची दोन मिनिटं, टर्नस्टाइलची पाच. गॅस्केटची मापं शोधत फॉर्म भरणाऱ्याला तेवढी पुरत नाहीत, म्हणून मुदत संपली की टोकन नवं घ्या आणि भरलेला मजकूर पुसू नका.

ड्रॉइंग अपलोड करायची सोय असेल तर ती वेगळी डोकेदुखी. फाइल पब्लिक-एचटीएमएलच्या बाहेर ठेवा, नाव स्वतः बनवा, ब्राउझरने सांगितलेल्या प्रकारावर न जाता सर्व्हरवर पीएचपीच्या फाइलइन्फोने प्रकार तपासा. पीएचपीत मुळात एका फाइलला २ एमबी आणि एकूण पोस्टला (फॉर्मने एकदम पाठवलेल्या सगळ्या डेटाला) ८ एमबी अशी मर्यादा असते. पोस्ट त्याहून मोठी आली की पीएचपी सगळाच डेटा रिकामा देतं, म्हणजे मोठी डीडब्ल्यूजी ड्रॉइंग फाइल जोडणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘नाव भरा’ असा संदेश दिसतो आणि तो वैतागून जातो. मर्यादा वाढवा, आणि ती ओलांडली गेली तर तसं सरळ सांगा. फाइल मेलला जोडू नका, लॉगिन मागणारी लिंक द्या.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान युनिटवर एवढा बसेल असं मी म्हणत नाही, पण जन्मतारीख, घरचा पत्ता असली फील्ड गॅस्केटच्या एन्क्वायरीत कशाला? ती काढा आणि वर्षानुवर्षांच्या जुन्या एन्क्वायऱ्याही अधूनमधून साफ करा.

सगळं झालं की आधी सगळ्या मेलबॉक्सचे आणि होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलचे पासवर्ड बदला. २०१७ च्या त्या मुलाकडे ते अजून आहेत हे विसरू नका. मग सपोर्टला लिहा. ‘मेल चालू करा, अर्जंट आहे’ असं लिहिलं तर ते तिकीट खाली ढकलतात. स्पॅम कोणत्या फाइलमधून जात होता, ती कधी काढली, नवा फॉर्म फ्रॉम आणि टू पक्के ठेवून एसएमटीपीने पाठवतो, पासवर्ड बदलले, हे चार ओळींत लिहा आणि रांगेत अडकलेले जुने मेल पुसून टाकायला सांगा, नाहीतर मेल चालू होताच उरलेला स्पॅम सुटेल आणि तासाभरात तुम्ही पुन्हा बंद. चालू झाल्यावर फॉर्म भरून एक एन्क्वायरी जीमेलच्या पत्त्यावर घ्या, ‘मूळ दाखवा’ उघडा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं की काकांना कोटेशन पाठवायला सांगा.